आधी तिकिटं, मग सही

रिटायर झाल्यावर काय करायचं याची प्रत्येकाची आपापली कल्पना असते. माझ्या बरोबरीचे दोघे गोल्फ शिकले, एकानं गीतेचा क्लास काढला, बाकीच्यांनी आपापली शुगर सांभाळणं हाच उद्योग धरला. मी नोटरी झालो; इथं त्यासाठी वकील असावं लागत नाही. पस्तीस-चाळीस वर्षं पाइपलाइनी डिझाइन केल्यावर शिक्का मारायचं काम मला मनापासून आवडलं. एकदा शिक्का बसला की बसला, त्यावर कोणी मीटिंग बोलावत नाही.

ह्यूस्टनजवळच्या आमच्या शुगर लँडमध्ये मराठी घरं पुष्कळ. बघता बघता मी सगळ्यांचा नोटरीकाका झालो. पॉवर ऑफ ॲटर्नी वगैरे वर्षभर चालूच असतं, पण माझा खरा सीझन म्हणजे शाळा सुटायच्या आधीचा महिना. तेव्हा मुलं भारतात निघतात, कोणी एकट्या आईबरोबर, कोणी आजी-आजोबांबरोबर. मग जो पालक बरोबर जात नाही त्यानं लिहून द्यायचं असतं, की आमचं हे मूल अमुक तारखेपासून अमुक तारखेपर्यंत अमुक माणसाबरोबर देशाबाहेर जात आहे, राहण्याचा पत्ता हा, आजारी पडलं तर औषधोपचाराची परवानगी आहे आणि या सगळ्याला माझी संमती आहे. आजी-आजोबा नेणार असतील तर आई-वडील दोघांचीही सही. विमानतळावर कोणी हे पत्र मागतं, कोणी मागत नाही. पण ज्याच्याजवळ नसतं त्यालाच नेमकं मागतात, असा माझा अनुभव आहे.

आमची माणसं मोठी सभ्य. ती सह्या करूनच येतात. "काका, तुम्हाला त्रास नको म्हणून घरीच साइन करून आणलं!" आता हे पत्र शपथेवरचं, सही माझ्यासमोरच व्हायला हवी, हे मी दर वर्षी दर घराला सांगतो. मग ते पत्र बाजूला ठेवायचं, नवा प्रिंट काढायचा, लायसन्स बघायचं, वहीत नोंद करायची, उजवा हात वर करायला लावायचा. हात वर करताना नवरे हमखास हसतात. एक मुलगी नवऱ्याशिवायच आली आणि म्हणाली, "काका, तो ट्रिपवर आहे, पण त्याची सही मी त्याच्यापेक्षा छान करते." तिला चहा पाजला आणि परत पाठवलं.

शपथेच्या आधी मी माझा स्वतःचा एक प्रश्न विचारतो. दोघांच्या तोंडाकडे नीट बघून विचारतो, "स्वखुशीनं सही करताय ना?" आधी वडिलांना, मग आईला. बहुतेक जण "हो काका, ऑफकोर्स" म्हणून मोकळे होतात. एकदा एक आई काही बोलेना. मी तिच्या हातातलं पेन काढून घेतलं, बायकोला चहा टाकायला सांगितलं आणि नवरा-बायकोला टेबलाशी सोडून बागेत गेलो. अर्ध्या तासानं दोघांनी तारखा बदलून घेतल्या आणि त्या बाईनं डोळे पुसून सही केली. ही हकिगत मी इथल्या मराठी मंडळाच्या प्रत्येक पिकनिकला सांगितलेली आहे. बाईमाणसाचं मन ओळखता यावं लागतं, असंही वर जोडत असे.

आता आमच्याच घरची गोष्ट.

मला एकच नात आहे, सात वर्षांची. मुलगा, सून आणि ती डॅलसजवळ प्लेनोला असतात, आमच्यापासून गाडीनं साडेचार तासांवर. नात मला 'आजोबा, मला वॉटर दे' असं मराठी बोलते आणि मी त्यावरही खूश असतो. माझ्या मनात कित्येक दिवस होतं, की एक उन्हाळा तिला अमरावतीला न्यायचं. माझा धाकटा भाऊ तिथं असतो, त्याची दोन नातवंडं हिच्याच वयाची. सहा आठवडे त्यांच्यात राहिली की आपोआप मराठी येईल, कुठल्या क्लासबिसची गरज नाही. मी पाडव्याच्या मुहूर्तावर तीन तिकिटं काढली, दोन आम्हा म्हाताऱ्यांची आणि एक तिचं. प्रिंट काढले, पाकिटात घातले, पाकिटाला कुंकवाचं बोट लावलं, प्लेनोला गेलो आणि पाकीट थेट नातीच्याच हातात दिलं. ती सोफ्यावर चढून नाचली. आधी तिकिटं काढायची आणि मग सांगायचं, ही आमच्या घराण्याची रीतच आहे. माझ्या आईला तर गाडीत बसल्यावर कळायचं आपण कुठल्या गावाला निघालो ते. यात कोणाची गैरसोय होते असं मला कधी वाटलं नाही. मला ती गंमत वाटायची.

सून "वॉव, बाबा" म्हणाली आणि पाकीट फ्रिजच्या दारावर मॅग्नेटखाली लावलं.

सून गुणी आहे, हे आधीच सांगून ठेवतो, कारण नंतर मी तिच्याबद्दल जे बोललो ते मला शोभलं नाही. ती मिनेसोटात, ईडन प्रेरीत, मराठी घरातच वाढली. फिजिकल थेरपिस्ट आहे. मराठी छान बोलते, मात्र मनातलं काही बोलायचं झालं की इंग्रजीत शिरते. मी तिला संमतीपत्राचा माझा नमुना पाठवला. पत्रात माझंच नाव असल्यामुळे शिक्का मला मारता येणार नव्हता, तेव्हा तिथल्या बँकेतल्या नोटरीसमोर दोघांनी सह्या कराव्यात, पाच मिनिटांचं काम आहे, असंही लिहिलं. आठवडा गेला, दुसरा गेला. मुलाला फोन केला तर तो म्हणाला, "बाबा, शी इज थिंकिंग अबाउट इट."

"यात थिंक काय करायचंय?"

"बाबा, प्लीज."

मग सुनेनं स्वतः तयार केलेलं पत्र आलं. चार पानी! रोज एक व्हिडिओ कॉल, तोही ठरल्या वेळी. पाणी उकळलेलंच. स्कूटरवर बसवायचं नाही. दुपारी बारा ते पाच घराबाहेर काढायचं नाही. गाडीत मुलांना बांधून बसवायची कार सीट इथून न्यायची. आणि शेवटी सहीच्या दोन रेघा, दोन्ही कोऱ्या.

माझं डोकं फिरलं. कार सीट! अमरावतीच्या ऑटोरिक्षात कार सीट! आणि टेक्सासमध्ये जन्मलेल्या पोरीला उन्हाची भीती! मी घरभर फिरत बोलत राहिलो. माझ्या नातीला माझ्या गावी न्यायला मला चार पानांचा कागद लागतो का? मी काय तिला पळवून नेतोय? लोकांना हेच पत्र किती महत्त्वाचं आहे ते मी दर वर्षी समजावून सांगतो, हे त्या वेळी आठवलंसुद्धा नाही. लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण. बायको मागच्या अंगणातून अळूची पानं काढून आली होती. शिरा काढता काढता ती एवढंच म्हणाली, "वाचतेय ना ती, वाचू द्या तिला."

"चार पानं वाचायला चार आठवडे?"

"वाचू द्या," ती पुन्हा म्हणाली आणि मान वर केली नाही.

त्या शनिवारी मी गाडी काढली. बायको शेजारी बसली. वाटेतलं हंट्सव्हिल येईपर्यंत माझं भाषण पाठ झालं होतं. पुढं मी ते मोठ्यानं म्हणून बघत होतो. तिनं दोनदा फक्त "गाडी चालवा" म्हटलं. एरवी ती रस्त्याभर इतकी गप्प नसते, पण मी माझ्याच नादात होतो.

पोचलो तेव्हा नात पोहायच्या क्लासला गेली होती, मैत्रिणीची आई तिला नंतर सोडणार होती. सुनेनं वरणभात, भेंडीची भाजी, कोशिंबीर असं सगळं केलं होतं. जेवणं होईपर्यंत मी कळ काढली. ताटं तशीच होती, तेवढ्यात मी सुरुवात केली.

"हे बघ, तुला नेमकी कशाची काळजी आहे ते सांग. उन्हाची? पाण्याची? मी एकेक मुद्दा सोडवून देतो."

"इट्स नॉट दॅट, बाबा."

"मग ही चार पानं कशासाठी?"

"मला दुसरं काय लिहावं ते सुचत नव्हतं." तिनं माझ्या बायकोकडे एकदा बघितलं, मग माझ्याकडे. "बाबा, ती काकूची गोष्ट. आय कान्ट गेट इट आउट ऑफ माय हेड."

काकूची गोष्ट म्हणजे आमच्या घरातला सगळ्यात जुना विनोद. सांगणारा मीच. आम्ही नवीन होतो इथं. मी नोकरीला लागलो होतो आणि बायको ह्यूस्टनच्या एका हॉस्पिटलात लहान मुलांची डॉक्टर होण्यासाठी रेसिडेन्सी करत होती. मुलगा चौदा महिन्यांचा. हिला दर तीन दिवसांनी रात्रपाळी, सांभाळायला मिळालेली बाई अचानक सोडून गेलेली. माझ्या आईनं कळवलं, पोराला इकडे घेऊन ये. तेव्हा आमच्यातल्या पुष्कळांनी तसंच केलं होतं. मी त्याला अमरावतीला सोडून पंधरा दिवसांत परत आलो. दोन वर्षांनी, हिची रेसिडेन्सी संपत आली तेव्हा, माझी आई त्याला घेऊन इथं आली. विमानतळावर बायको हात पसरून पुढं झाली, तर हे चिरंजीव आजीच्या पदराआड गेले आणि म्हणाले, "काकू, तुम्ही कोण?" तिथंच सगळे हसत सुटले. पुढं ही गोष्ट मी शंभरदा तरी सांगितली असेल. 'तुम्ही' म्हणाला बरं का, संस्कार बघा, असं म्हणायचो आणि पुन्हा हशा व्हायचा. सुनेला ती पहिल्यांदा सांगितली तिच्या साखरपुड्याच्या जेवणात. ती हसली नव्हती. मला वाटलं, हिला मराठीतली गंमत कळली नसेल.

"अगं वेडे, ते काय धरून बसलीस!" मला खरंच सुटल्यासारखं झालं. एवढंच होतं तर. "तेव्हा ना फोन परवडायचे ना व्हिडिओ होते. आणि ती दोन वर्षं होती, हे सहा आठवडे. शिवाय काय बिघडलं त्याचं? समोर बसलाय." मी बायकोकडे वळलो. "तू सांग बरं हिला. किती हसलो होतो आपण त्या दिवशी."

बायकोनं ताटातला चमचा उचलून वाटीत ठेवला.

"मी नव्हते हसले," ती म्हणाली. "तुम्ही हसलात. सासूबाई हसल्या. न्यायला आलेले सगळे हसले. मी पिशव्या उचलून गाडीकडे गेले."

मग तिनं सांगितलं. रडत वगैरे नाही, एखाद्या पेशंटबद्दल बोलावं तितक्या शांतपणे सांगितलं.

"मी ड्यूटीवरून आले तर टेबलावर तिकीट होतं. तुम्ही म्हणालात, मंगळवारचं फ्लाइट आहे. मी म्हटलं, बरं."

"बरं म्हणालीस ना पण तू?"

"छत्तीस तास जागी होते. जेवायला बस म्हणाला असतात तरी बरंच म्हटलं असतं." मग ती सुनेकडे बघून बोलू लागली, जणू मी तिथं नव्हतोच. "मंगळवारी पण ड्यूटी होती. दोन तासांची सुटी घेऊन विमानतळावर गेले, पांढरा कोट घालूनच. त्याचा एक शर्ट होता, धुवायचा राहिलेला. तो पिशवीत घालून हॉस्पिटलच्या लॉकरमध्ये ठेवला. सकाळी राउंडच्या आधी वास घ्यायचे आणि मग दिवसभर दुसऱ्यांची मुलं तपासायचे. चार-पाच महिन्यांनी वास गेला. मग नुसताच शर्ट राहिला."

मुलगा इतका वेळ टेबलावरच्या चटईची कड दुमडत बसला होता. त्रेचाळीस वर्षांचा माणूस, कंपनीत साठ लोक त्याच्या हाताखाली आहेत. "आई, यू नेव्हर टोल्ड मी," तो म्हणाला.

"तुला काय सांगायचं? तू मजेत होतास. गुटगुटीत होऊन आलास. सासूबाईंनी तुला जीव लावला, त्यांच्याबद्दल माझी काही तक्रार नाही."

"मी किती दिवस काकू म्हणत होतो?"

"दिवाळीपर्यंत."

"आणि आलो कधी होतो?"

"मार्चमध्ये."

माझ्या गोष्टीत तो एकदाच काकू म्हणतो. एकदा म्हणतो, सगळे हसतात आणि गोष्ट संपते. पुढचे आठ महिने मला ठाऊकच नव्हते. मी सकाळी ऑफिसला जायचो, संध्याकाळी यायचो, मुलगा मला बाबा म्हणायचा, कारण माझ्या आईनं फोटो दाखवून दाखवून त्याला ते शिकवलं होतं. त्याच घरात ती आठ महिने स्वतःच्या मुलाची काकू होती आणि मी तो विनोद घेऊन लोकांच्या घरी जेवायला जात होतो. तीही शेजारी बसलेली असायची.

"कसा होता शर्ट?" मुलानं विचारलं.

"पिवळा. बदकांचा."

सून उठून माझ्या बायकोच्या खुर्चीमागे जाऊन उभी राहिली आणि दोन्ही हात तिच्या खांद्यांवर ठेवले. मी मागच्या अंगणात निघून गेलो.

खरं सांगायचं तर पहिल्यांदा मला रागच आला. चाळीस वर्षं हे मला सांगायला काय झालं होतं? सुनेसमोर, मुलासमोर सांगायचं? मग तोही टिकला नाही आणि राग उतरल्यावर जे उरलं ते फार वाईट होतं. मी माझ्या टेबलापलीकडे बसलेल्या एकूण एक बाईला विचारलंय, स्वखुशीनं करताय ना. अनोळखी बायकांनासुद्धा. पलीकडे ओट्याशी चहा गाळत उभी असलेली बाई ते दर वेळी ऐकत होती. तिला काय वाटत असेल? मला त्या क्षणी तिथं, प्लेनोच्या उन्हात, तोंड लपवावंसं वाटलं.

थोड्या वेळानं ती बाहेर आली आणि शेजारच्या खुर्चीवर बसली.

"नाही का म्हणाली नाहीस तेव्हा?" मी विचारलं.

"तुम्ही विचारलं कुठं होतं?"

"विचारलं असतं तर नाही म्हणाली असतीस?"

"काय माहीत. होच म्हटलं असतं बहुतेक. दुसरा इलाज तरी काय होता? सांभाळायला कोणी नव्हतं, रेसिडेन्सी सोडता येत नव्हती." मग ती म्हणाली, "पण मी म्हटलं असतं ना."

चाळीस वर्षांत मला कोणी इतक्या साध्या शब्दांत इतकं काही सुनावलं नव्हतं. मी तिची माफी मागितली. आमच्या पिढीला ते नीट जमत नाही, मलाही जमलं नाही. मी "चुकलं माझं" असं काहीतरी पुटपुटलो. ती म्हणाली, "हो, चुकलं." तिनं 'असू द्या' म्हटलं नाही, याचं मला नंतर बरं वाटलं.

आत जाऊन मी सुनेला सांगितलं, "तिकिटं कॅन्सल करतो. जे आधी विचारायला हवं होतं ते आता विचारतो. हिला आम्ही न्यावं असं तुला वाटतं का? नाही म्हणालीस तर नाही."

"आय डोन्ट नो, बाबा. मला थोडा वेळ पाहिजे."

"घे."

परतीच्या रस्त्यावर मी भाषण केलं नाही. घरी आल्यावर दहा दिवस फोनही केला नाही, आणि ज्याच्या नाकावर राग आणि जिभेवर घाई आहे त्याला दहा दिवस म्हणजे काय असतं ते विचारू नका. त्या दहा दिवसांत चार घरांची पत्रं झाली. माझा प्रश्न मी विचारत होतो, पण आता उत्तर यायच्या आत कागद पुढं सरकवत नव्हतो. पूर्वी सरकवत होतो, हेही तेव्हाच लक्षात आलं.

अकराव्या दिवशी सुनेचा फोन आला, माझ्या बायकोला. दोघी तासभर बोलल्या. मी टीव्हीचा आवाज बंद करून शेजारच्या खोलीत बसलो होतो. मला ऐकू आला तो फक्त एकदाच मोठ्यानं हसण्याचा आवाज, तोही बायकोचा. मग पत्र आलं. एकच पान. सहा आठवड्यांचे तीन केले होते, रोजचा कॉल होता, कार सीट गेली होती. 'प्रवासात मुलीची जबाबदारी' या ओळीपुढं फक्त बायकोचं नाव. माझं खाली होतं, 'सोबत' म्हणून. पूर्वीचा मी असतो तर या 'सोबत'वरून महाभारत केलं असतं. मी नव्या तारखांची तिकिटं काढली. या वेळी सगळ्यांना विचारून.

निघायच्या आदल्या दिवशी प्लेनोच्या बँकेत सह्या झाल्या. तिथली नोटरी विशी-पंचविशीतली मुलगी होती. तिनं लायसन्स बघितली, हात वर करायला लावले, शिक्का मारला. माझा तो प्रश्न काही तिनं विचारला नाही आणि मलाही विचारावासा वाटला नाही. प्रत्येक तारीख सुनेनं स्वतः घातली होती. तिनं सावकाश सही केली आणि पत्र माझ्या बायकोच्या हातात दिलं. बायकोनं ते प्लॅस्टिकच्या फोल्डरमध्ये घालून पर्समध्ये ठेवलं आणि तिथून पुढं तीन आठवडे ती पर्स तिच्या खांद्यावरून उतरली असेल असं मला वाटत नाही.

अमरावतीचं लिहायला बसलो तर दुसरं पुस्तक होईल. नात तिथं मजेत राहिली, उन्हानं जरा रापली, कैरीच्या फोडींवर तिखट-मीठ घालून खायला शिकली, 'मला वॉटर दे'चं 'पाणी दे की गं' झालं. पण माझं लक्ष बायकोकडेच जास्त होतं. रोज ठरल्या वेळी ती पोरीला खेळातून उठवून फोनसमोर बसवायची. पोरगी कुरकुरली तरी बसवायची. झोपताना तिच्याशी आईबद्दल बोलायची, आता तुझी आई कामावर जायला निघाली असेल, आता गाडीत असेल. एकदा माझ्या भावजयीनं पोरीला घास भरवता भरवता लाडानं म्हटलं, "आता मीच तुझी आई, हो की नाही?" असं आपल्याकडे कोणीही कोणालाही म्हणतं. माझी बायको कधी कोणाला आवाज चढवून बोलत नाही. ती स्वयंपाकघरातून बाहेर आली आणि म्हणाली, "नाही. तिची आई प्लेनोला आहे." भावजय बिचारी गडबडली. मी मात्र मान खाली घालून जेवत राहिलो.

तीन आठवड्यांनी डॅलसला उतरलो. इमिग्रेशनच्या ऑफिसरनं नातीला विचारलं, हे कोण? ती म्हणाली, ग्रँडपेरेंट्स. त्यानं हसून पासपोर्ट परत दिले. पत्र कोणी मागितलं नाही. सामान घेऊन आम्ही बाहेर आलो. बायकोनं ट्रॉली धरली होती, नात तिच्या पुढं चालत होती आणि मी मागे.

काचेचं दार उघडलं. पलीकडच्या गर्दीत सून होती, मुलगा तिच्या बाजूला. नातीनं तिला बघितलं मात्र, पाठीवरची बॅग तिथंच टाकली आणि धावली. "मॉम! आई! मॉम!" दोन्ही भाषांत ओरडत, लोकांच्या बॅगांमधून वाट काढत गेली आणि आईच्या पोटावर जाऊन आदळली. सून खालीच बसली. दोघी एकमेकींना इतक्या घट्ट धरून होत्या, की कोणाचे हात कोणते ते कळत नव्हतं.

बायको दाराच्या मधोमध थांबली. मागून लोक येत होते, एकानं एक्स्क्यूज मी म्हटलं, दुसरा वळसा घालून गेला. ट्रॉलीची मूठ तिनं दोन्ही हातांनी धरली होती आणि ती त्या दोघींकडे बघत होती.

"असं असतं होय," ती म्हणाली.

मी तिला चल म्हटलं नाही. तिचं बघून होईपर्यंत तिथंच उभा राहिलो.